वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग: एचआयव्हीच्या बाबतीत हाताला आणि जिभेला लावायच्या सवयी

नर्सिंग, एमबीबीएस किंवा डीएमएलटीच्या (लॅब तंत्रज्ञांच्या कोर्सच्या) कुठल्याही मुलाला विचारा, एचआयव्ही कसा पसरतो? असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया, आईकडून बाळाला. उत्तर एका दमात येतं. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने पसरत नाही, हेही तोंडपाठ असतं. मग त्याच मुलाला वॉर्डात बघा. रक्त काढून झालं की टोपण पुन्हा सुईवर. आणि केसपेपरवर ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह, असं वाचलं की साधं बीपी घ्यायलाही दोन-दोन ग्लोव्हज.

म्हणजे अडचण माहितीची नाही. पेपरात लिहिलेलं हातात उतरत नाही, ही अडचण आहे. म्हणून विषाणूची रचना आणि तो ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी, हे पुस्तकात वाचा. इथे फक्त पोस्टिंग सुरू होण्याच्या आधीपासून काय काय करायचं, तेवढंच सांगतो.

आधीची तयारी

पहिलं काम लसीचं, आणि ती लस एचआयव्हीची नाही, कारण ती अजून कुणाकडेच नाही. हिपॅटायटिस बीची लस घ्या. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची सरासरी शक्यता ०.३ टक्के, हजारात तीन. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर तीच शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या नावाने रात्रभर झोप उडालेली आणि हिपॅटायटिसच्या लसीचा दुसरा डोस ‘राहून गेलेली’ मुलं दर बॅचमध्ये भेटतात. भीतीचा हिशेब पार उलटा. लसीचे डोस तीन: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणजे प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात सुरुवात केली तर पोस्टिंगपर्यंत कोर्स पुरा होतो. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, तपासा. १० किंवा त्याहून जास्त आलं म्हणजे लस लागू पडली. कमी आलं तर पुढे काय करायचं ते डॉक्टर सांगतील, पण तो आकडा तुमच्याकडे लिहून ठेवलेला हवा.

दुसरं काम वॉर्डात पाय ठेवला त्या दिवशीच करायचं. इन-चार्ज सिस्टरना तीन गोष्टी विचारा: सुई टोचली तर कुणाला सांगायचं, पीईपीची, म्हणजे टोचल्यानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायची, औषधं कुठे असतात, आणि रात्री दोन वाजता ती कोण काढून देतं. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. औषधं चोवीस तास मिळतील अशा जागी, म्हणजे कॅज्युअल्टी, लेबर रूम, आयसीयूमध्ये ठेवावीत असं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, म्हणजे नॅकोचं सांगणं आहे. तुमच्या रुग्णालयात ती नेमकी कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे असते, हे टोचल्यावर शोधायची वेळ येऊ देऊ नका. प्रश्न विचारताना लाजायचं कारण नाही. उलट चांगल्या सिस्टर अशा मुलीकडे लक्ष देतात.

हातावर चिरा, खरचटलेलं, सोललेली नखं असतील तर पाण्याने न भिजणारी पट्टी लावूनच वॉर्डात जा. सँडल नको, पुढून बंद बूट हवेत. सुई हातातून पडली की ती पायावरच पडते.

सगळ्यांना एकच नियम

नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दबक्या आवाजात सांगतं, “बारा नंबरचा पेशंट आरव्हीडी आहे हं, जपून.” आरव्हीडी हे एचआयव्हीचंच सांकेतिक नाव. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या वाक्याचा दुसरा अर्थ मनात आपोआप उमटतो: अकरा नंबर आणि तेरा नंबरला जपायची गरज नाही. खरा धोका तिथे आहे.

नीट विचार करा. नव्याने संसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूचं प्रमाण प्रचंड असतं, आणि नेमक्या त्याच काळात अँटिबॉडीची चाचणी ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ येऊ शकते. याला विंडो पीरियड म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याचा वॉर्डातला अर्थ कुणी सांगत नाही. अपघात होऊन आलेला तरुण, ज्याची चाचणी झालेलीच नाही किंवा झाली ती निगेटिव्ह आली, त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असू शकतो. आणि बारा नंबरचे काका? ते सहा वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न चुकता घेताहेत. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजण्याच्या पलीकडे खाली गेलेला असू शकतो. तसा तो टिकून असेल तर लैंगिक संबंधातूनही त्यांच्याकडून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यांची सुई टोचली तरी पीईपीचा निर्णय डॉक्टरच घेतील, तो तुम्ही मनाने घ्यायचा नाही. पण ज्याला आपण सर्वांत जास्त घाबरतो, तो अनेकदा आपण समजतो त्याहून खूप कमी धोक्याचा रुग्ण असतो, एवढं लक्षात ठेवा.

म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९८० च्या दशकात ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’ आणल्या आणि १९९६ मध्ये त्यांना ‘स्टँडर्ड प्रिकॉशन्स’ असं व्यापक रूप दिलं. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरून चालायचं. रिपोर्ट बघून ग्लोव्हज घालायचे नाहीत, काम बघून घालायचे. रक्त काढणं, सलाइनसाठी शीर धरणं, ड्रेसिंग, प्रसूती, सांडलेलं रक्त पुसणं, या सगळ्याला ग्लोव्हज लागतात, रुग्ण कुणीही असो. रक्ताचे शिंतोडे उडण्यासारखं काम असेल, उदाहरणार्थ प्रसूती किंवा सक्शन, तर डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क आणि अंगावर प्लॅस्टिकचा एप्रन. नाडी, बीपी, ताप बघायला, गोळ्या द्यायला, घास भरवायला, पाठीवर हात ठेवायला ग्लोव्हज लागत नाहीत, रुग्ण कुणीही असो. बारा नंबरच्या काकांचं बीपी ग्लोव्हज घालून घेतलंत तर तुमचं संरक्षण तसूभरही वाढत नाही. शेजारच्या तीन कॉटवरच्या लोकांना मात्र कळतं की यांना ‘काहीतरी’ आहे.

कोणते द्रव धोक्याचे? रक्त, वीर्य, योनिस्राव, आईचं दूध, गर्भजल, पाठीच्या मणक्यातलं पाणी, सांध्यातलं, छातीतलं, पोटातलं आणि हृदयाभोवतीचं पाणी. थुंकी, घाम, अश्रू, लघवी, शौच, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर एचआयव्हीचा धोका धरत नाहीत. हिपॅटायटिस, टीबी, जुलाबाचे जंतू वेगळे, त्यामुळे हात धुणं कशातही सुटत नाही. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचेच, कारण ग्लोव्हजला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात.

काही ठिकाणी एचआयव्हीबाधित रुग्णाचं ऑपरेशन मुद्दाम यादीत शेवटी ठेवतात, ‘नंतर ओटी नीट धुता येते’ म्हणून. माझ्या मते ही प्रथा ओटीच्या रोजच्या कामावरच शंका घेणारी आहे. प्रत्येक केसनंतर जे निर्जंतुकीकरण व्हायला हवं ते होत असेल, तर पहिला आणि शेवटचा यात फरक काय? विद्यार्थी म्हणून तुम्ही ही यादी बदलू शकणार नाही. पण असं का, हे शांतपणे विचारू नक्की शकता.

सुई हातात असताना

बहुतेक सुया टोचतात त्या काम झाल्यानंतर. रक्त काढताना आपलं लक्ष सुईवर असतं. काढून झाल्यावर ते रुग्णाच्या कापसाकडे, ट्यूबवरच्या लेबलकडे, “सिस्टर, चक्कर येतेय” असं म्हणणाऱ्या आजींकडे जातं, आणि उघडी सुई हातातच असते.

म्हणून सुरुवात उलटीकडून करा. ट्रे लावताना सर्वांत आधी बघा की सुई टाकायचा डबा किंवा हब कटर (सुई कापून आत पाडणारं उपकरण) हाताच्या अंतरावर आहे का. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर आधी तो जवळ आणा. मग रुग्णाला सांगा, “काका, थोडं टोचेल, हात हलवू नका.” घाबरलेलं मूल असेल किंवा भान नसलेला रुग्ण असेल, तर हात धरायला दुसरं कुणी असल्याशिवाय सुई लावू नका.

काम झालं की सुई थेट हब कटरमध्ये किंवा डब्यात. टोपण लावायचं नाही, वाकवायची नाही, हाताने मोडायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. कुणाला द्यायचीच वेळ आली तर किडनी ट्रेमध्ये ठेवा आणि समोरच्याने त्यातून उचलावी. काही कारणाने टोपण लावणं टाळताच येत नसेल तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवा, एकाच हाताने सुई त्यात सरकवा आणि दुसरा हात पाठीमागे ठेवा. हे घरी नव्या, न वापरलेल्या सिरिंजवर करून बघा. पहिल्यांदा हात अवघडतो.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया, ब्लेड आणि इतर टोकदार वस्तू पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात. सुई काढलेली सिरिंज, सलाइनची नळी, कॅथेटर आणि ग्लोव्हज लाल पिशवीत. रक्ताने माखलेला कापूस, गॉज, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. काच निळ्या खोक्यात. पांढरा डबा पाऊण भरला की बदला. भरलेल्या डब्यात सुई कोंबताना टोचलेली माणसं कमी नाहीत.

यातली कोणतीही चूक तुमच्यापुरती राहत नाही. कापसात गुंडाळून किडनी ट्रेमध्ये सोडलेली सुई तुम्हाला टोचत नाही, ट्रे धुणाऱ्या मावशींना टोचते. चादरीत राहिलेली सुई लॉन्ड्रीतल्या मामांना टोचते. त्यांना ती कोणाची होती हेही कळत नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांना पीईपी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा.

रक्त सांडलं तर ग्लोव्हज घाला, वर शोषून घेणारा कागद किंवा कापड टाका, त्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता आणि दहा मिनिटं तरी थांबून मग पुसा. हे द्रावण रोज ताजं करायचं असतं. कालच्या बादलीवर भिस्त ठेवू नका.

टोचलीच तर

सगळं पाळूनही कधीतरी टोचते. त्या वेळी पुढचा क्रम डोक्यात हवा.

१. हातातलं काम सोडा. रुग्ण सुरक्षित आहे एवढं बघा आणि कुणाला तरी हाक मारा.

२. ग्लोव्हज काढा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, घासू नका. स्पिरिट, आयोडीन, हायपोक्लोराइट यातलं काहीही लावू नका. चुरचुरलं म्हणजे जंतू मेले, असं नसतं. शिंतोडा डोळ्यात गेला असेल तर खुर्चीत बसून मान मागे टाका आणि कुणालातरी डोळ्यावर पाणी किंवा सलाइन ओतायला सांगा. तोंडात गेला असेल तर थुंकून टाका आणि पुन्हा पुन्हा चूळ भरा.

३. लगेच सांगा. “सिस्टर, मला वापरलेली सुई लागली आहे. पीईपीसाठी आत्ता कुणाकडे जाऊ?” हेच वाक्य, एवढंच. शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. पीईपीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायचा असतो. ७२ तासांनंतर तो सुरू करण्यात अर्थ उरत नाही.

४. डॉक्टर विचारतील ते आठवून ठेवा: वेळ, सुई पोकळ होती की टाक्याची, तिच्यावर रक्त दिसत होतं का, ती शिरेतून काढलेली होती का, किती खोल गेली, ग्लोव्हज होते का, रुग्ण कोण. पोकळ सुई, दिसणारं रक्त, खोल जखम, यांनी धोका वाढतो. रुग्णाची चाचणी त्याच्या संमतीने केली जाते, पण पहिला डोस त्या रिपोर्टसाठी अडवून ठेवायचा नसतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढे औषध थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात.

५. नोंद करा. रजिस्टरमध्ये नाव येईल, बोलणी खावी लागतील, हॉस्टेलवर कुजबुज होईल, या भीतीने मुलं गप्प बसतात. पण नोंद नसेल तर उद्या काही सिद्ध करायची वेळ आली तेव्हा हातात काहीच उरत नाही. नॅकोच्या मार्गदर्शक सूचना आरोग्य कर्मचाऱ्यांत विद्यार्थी आणि इंटर्न यांनाही धरतात. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याचं कलम १९ तर सांगतं की जिथे असा धोका आहे तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं, ती वापरायचं प्रशिक्षण आणि पीईपी देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही.

६. गोळी २८ दिवस घ्या. सध्या दिली जाते ती टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्राविर यांची एकत्रित गोळी, दिवसातून एकदा. औषध सुरू होतानाच हिपॅटायटिस बीची तपासणी होते, ती टाळू नका. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बीवरही चालतात, त्यामुळे तो आजार असताना ती अचानक थांबवली तर उसळू शकतो. मुलींनी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी: लोह, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीची गोळी चालू आहे का. या गोळ्यांमुळे डोल्यूटेग्राविर शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणून ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेतात. मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. त्यासाठी औषध मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. पंधराव्या दिवशी “काही होत नाही गं” म्हणून गोळ्या सोडणाऱ्या मैत्रिणीला मध्येच थांबू देऊ नका.

७. एचआयव्हीची चाचणी त्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तारखा मोबाइलमध्ये टाका. पहिली चाचणी तुमची आधीची स्थिती नोंदवते, म्हणून ती चुकवू नका. या काळात रक्तदान नाही, आणि लैंगिक संबंध असतील तर कंडोम.

रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि तुमची लस झाली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) आणि लस लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सीसाठी टोचल्यावर देण्याचं औषध नाही. मात्र तपासणीत तो सापडला तर आज गोळ्यांनी बरा होतो.

पीईपी किती उपयोगी? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झिडोव्हुडिन या एकट्या औषधानेही संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झालेली दिसली होती. आजची औषधं त्याहून सोसायला सोपी आहेत. पण उशीर झाला तर हा आकडा कामाचा नाही.

जिभेचं काम

सुईपेक्षा हे अवघड आहे. जिल्हा रुग्णालयात शिकणाऱ्या मुलीच्या वॉर्डात तिच्याच तालुक्यातला, कधी तिच्याच गावचा माणूस दाखल होतो. संध्याकाळी घरून फोन येतो, “अगं, त्या अमक्याला तुमच्याकडेच ठेवलंय ना? काय झालंय त्याला?” आई सहज विचारते, काळजीने विचारते. उत्तर आधीच ठरवून ठेवा: “आई, पेशंटचं काही सांगता येत नाही आम्हाला.” आणि हे वाक्य मलेरियाच्या पेशंटच्या वेळीही म्हणा. फक्त एचआयव्हीच्या वेळी म्हटलंत तर आईला त्यातूनच कळेल.

रुग्णाचे नातेवाईक विचारतात तेव्हा, “डॉक्टरांशी बोला, मी त्यांना निरोप देते.” बायकोला सांगायचं का, कधी सांगायचं, हे समुपदेशक आणि डॉक्टर रुग्णाशी बोलून ठरवतात. ते तुमच्या खांद्यावर घेऊ नका. कायद्यानुसार चाचणीआधी संमती आणि चाचणीनंतर गुप्तता, दोन्ही बंधनकारक आहेत. ही बंधनं तुमच्या मोबाइललाही लागू होतात: केसपेपरचा फोटो ग्रुपवर नको, केस प्रेझेंटेशनमध्ये नाव आणि गाव नको, लिफ्टमध्ये चर्चा नको. कॉटशेजारी हँडओव्हर देताना निदान मोठ्याने म्हणू नका. कॉटवर, फाइलच्या दर्शनी पानावर लाल अक्षरात किंवा स्टिकरने ‘खूण’ करायची पद्धत दिसली तर निदान तुमच्या हाताने ती करू नका.

बोलताना ‘एड्सचा पेशंट’ म्हणणं सोडा. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स नसतो, आणि वेळेवर गोळ्या घेणाऱ्याला तो होऊही नये, हाच तर उपचाराचा हेतू. भारतात सरकारी केंद्रांवर मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, आणि २०१७ पासून सीडी-फोर कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला ती सुरू होते. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि संख्येने सर्वाधिक महाराष्ट्रात. म्हणजे ते फक्त तुमच्या वॉर्डात नाहीत, तुमच्या एसटीत, तुमच्या वर्गातही असू शकतात. वर्गातल्या कुणाला एचआयव्ही असला तर त्या कारणाने त्याला प्रवेश नाकारता किंवा काढून टाकता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये तुमचा शब्द प्रत्यक्ष उपयोगी पडतो. काहीच उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईला वेळेवर औषध आणि बाळाला जन्मानंतर औषध मिळालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. नोंदणी न करता ऐन वेळी आलेल्या बाईची चाचणी राहिली असेल तर सिस्टरच्या लक्षात आणून द्या. “ताई, ही तपासणी सगळ्यांचीच करतो, बाळासाठी असते,” असं सांगितलं तर बहुतेक जणी हो म्हणतात.

आणि तुमचं स्वतःचं

एचआयव्हीविषयी आरोग्य विद्यार्थ्यांची माहिती, दृष्टिकोन आणि वागणूक विचारणारी प्रश्नावली तुमच्याकडे कधीतरी येईलच, बहुधा सीनियरच्या प्रोजेक्टसाठी. माहितीचे प्रश्न सगळ्यांचे बरोबर येतात. वागणुकीच्या रकान्यात मात्र पुस्तकी उत्तर न लिहिता गेल्या आठवड्यात काय केलं ते लिहा. नाव नसतं त्यावर.

त्या प्रश्नावलीत तुमच्या स्वतःच्या आयुष्याचाही रकाना असतो, आणि तिथे वर्गात खसखस पिकते. हसून झालं की हे वाचा. कंडोम दरवेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुदतीची तारीख बघा, आणि तो पाकिटात घडी करून महिनोन् महिने ठेवू नका. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तरीही ७२ तासांचा तोच नियम लागू होतो, पीईपी तिथेही आहे. पीईपी घटना घडल्यानंतर घ्यायचं. प्रेप वेगळं: ते धोका वारंवार येत असेल तर आधीपासून घेतात, आणि त्यासाठी नॅकोच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. टॅटू काढताना सुई नवी आहे का ते डोळ्यांदेखत बघा. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात ‘फुकटात टेस्ट होईल’ म्हणून रक्त देऊ नका, विंडो पीरियडमधलं ते रक्त कुणालातरी चढेल.

चाचणी करायची असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक सल्ला व चाचणी केंद्रात ती मोफत होते, आणि चाचणीआधी व नंतर समुपदेशक भेटतात. आपल्याच रुग्णालयातल्या केंद्रात ओळखीचे चेहरे असतात म्हणून संकोच वाटला तर दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रात जा. विचारायचंच असेल पण समोर जायचं नसेल, तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा टोल-फ्री क्रमांक १०९७ आहे.